काचेचा डोम की उघडी बाग? प्राणी-फुलपाखरांच्या सहलीआधी ठरवायचं ते एवढंच

घरातल्या लहानथोरांना घेऊन एक दिवस प्राणी आणि फुलपाखरं पाहायला जायचं ठरलं की पर्याय साधारण दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे डोमवालं केंद्र : काचेच्या किंवा जाळीच्या बंदिस्त घरात सोडलेली फुलपाखरं, आणि आवारात पिंजरे, तळी, सापांची दालनं. दुसरी म्हणजे उघडी बाग : फुलझाडं आणि खाद्यवनस्पती (ज्यांवर फुलपाखरं अंडी घालतात आणि ज्यांची पानं सुरवंट खातात) लावून ठेवलेल्या, फुलपाखरं आपणहून येणार. तिथले प्राणीही तसेच, दिसले तर दिसले.

माझा कल आधीच सांगून टाकते. बरोबर सहा-सात वर्षांच्या आतलं मूल असेल किंवा आभाळ भरून आलं असेल तर डोम. मुलं जरा मोठी, एका जागी थांबू शकणारी, आणि ऊन पक्कं असेल तर उघडी बाग. शिकायला मिळतं ते बागेत जास्त, पण त्यासाठी दिवस आणि माणसं दोन्ही जुळून यावी लागतात.

आधी आभाळाकडे बघा

फुलपाखराचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही. उडण्याचे स्नायू साधारण तिशीच्या अंशांत गेल्याशिवाय नीट चालत नाहीत, म्हणून ते सकाळी पंख पसरून ऊन खात बसतं. ढग आले की पानाखाली, पंख मिटून, गप्प. मेक्सिकोच्या मिचोआकान भागात नोव्हेंबर ते मार्च लाखो मोनार्क फुलपाखरं ओयामेल नावाच्या फर वृक्षांवर मुक्कामाला असतात. ऊन पडलं की तिथलं आकाश केशरी होतं. ढगाळ दिवशी त्याच फांद्या वाळक्या पानांनी लगडल्यासारख्या दिसतात. लाखोंची ही तऱ्हा, तर बागेतल्या पन्नास-साठांची काय कथा!

डोममध्ये ही चिंता बरीच कमी होते. आतलं तापमान बहुतेक ठिकाणी २५ ते ३० अंशांच्या आसपास आणि हवा भरपूर दमट ठेवलेली असते. बाहेर पाऊस कोसळत असला तरी आत काहीतरी उडताना दिसतंच. उजेड कमी असेल तर आतलीही सुस्तावतात, पण रिकाम्या हाताने परतायची वेळ येत नाही. तीनेक वर्षांच्या मुलासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. त्याला ‘थोड्या वेळाने येईल हं’ हे वाक्य दोनदाच चालतं.

याच दमटपणाचा त्रास मात्र मोठ्यांना होतो. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना डोममध्ये फार वेळ थांबवू नका. दाराजवळचं बाकडं आधी हेरून ठेवा. थंड हवेतून आत गेलात तर चष्मा आणि कॅमेऱ्याची काच दोन्ही धुकटतात. सारखी पुसण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं थांबलेलं बरं.

दिसतं काय, आणि काय दिसत नाही

डोमची जमेची बाजू म्हणजे एरवी आयुष्यात न दिसणाऱ्या जाती. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं ब्लू मॉर्फो हे त्यातलं सगळ्यात लाडकं. त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. पंखांवरच्या खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश परतून तो निळा दिसतो. गंमत अशी की हे फुलपाखरू बसलं की पंख मिटतं, आणि पंखांची खालची बाजू तपकिरी, डोळ्यांसारख्या ठिपक्यांची. निळ्या पंखांचा फोटो काढायला आलेले लोक तासभर तपकिरी फुलपाखराभोवती ताटकळतात. फळांच्या ताटलीपाशी उभं राहा, कारण मॉर्फो फुलांपेक्षा सडक्या फळांवर जास्त येतं. तिथेच मोठं आऊल फुलपाखरूही भेटेल. ते मुळात तिन्हीसांजेला उडणारं, त्यामुळे दुपारी हलत नाही म्हणून तक्रार करू नये. हेलिकोनियस गटातली काळी-तांबडी फुलपाखरं दिसली तर मुलांना जरूर सांगा : बहुतेक फुलपाखरं पंख फुटल्यावर दोन-चार आठवडेच जगतात, ही मात्र परागकणही खातात आणि काही महिने जगतात.

काही डोममध्ये अ‍ॅटलस पतंग ठेवलेला असतो. पंखांचा पसारा २५ सेंटिमीटरच्या जवळ जातो, आणि तो जवळपास नेहमी एका जागी बसलेला असतो. त्याला खायला कामाचं तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे काढतो. ‘हा हलत का नाही?’ या प्रश्नाचं हे खरं उत्तर मुलं फार गंभीरपणे ऐकतात.

कोशांचं कपाट हा डोममधला माझ्या मते सर्वोत्तम कोपरा, आणि लोक तो घाईत ओलांडून जातात. पुष्कळ केंद्रांमध्ये कोश कोस्टा रिकासारख्या देशांतल्या फुलपाखरू-शेतांमधून विमानाने येतात आणि काचेआड ओळीने टांगलेले असतात. बाहेर पडण्याची वेळ बहुधा सकाळची. पंख आधी चुरगळलेले, ओले. मग त्यांत द्रव भरून ते हळूहळू ताणले जातात आणि वाळायला काही तास जातात. त्या वेळी लालसर थेंब पडतात. मुलं रक्त समजून घाबरतात. कोशात साठलेला तो टाकाऊ द्रव असतो. हे पाहायचं तर दार उघडताच आत जा.

आता डोममध्ये न दिसणारी गोष्ट. परदेशी जाती बाहेर निसटून पसरू नयेत म्हणून अनेक ठिकाणी डोमच्या आत खाद्यवनस्पती मुद्दाम लावत नाहीत. म्हणजे अंडी नाहीत, सुरवंट नाही. गोष्टीचा अर्धा भाग गायब. जिथे स्थानिक जातींचीच पैदास केली जाते तिथे ही अडचण नसते, म्हणून ठिकाण निवडताना हे विचारून घ्यावं.

उघड्या बागेची मजा नेमकी इथे सुरू होते. लिंबाच्या पानावरचा लहान सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवा होतो. त्याला डिवचलं तर डोक्यामागून शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. रुईच्या कुळातल्या झाडांवरचे सुरवंट त्या झाडाचं विष अंगात साठवतात, म्हणून त्यांना लपायची गरज नसते. भडक पट्टे मिरवत उघड्यावर खात बसतात. ओल्या मातीवर दाटीवाटीने बसलेली फुलपाखरं दिसली तर ती बहुतेक नर असतात आणि मातीतले क्षार शोषत असतात. याला चिखलपान म्हणतात. डोममध्ये हे सगळं एका फलकावर चित्रात असतं. इथे ते गुडघ्यावर बसून पाहता येतं.

पण दाखवणारं कुणी हवं. माहीतगार माणूस बरोबर नसेल तर हीच बाग वीस मिनिटांत फिरून होते आणि ‘काही नाही तिथे’ असा शेरा घेऊन कुटुंब बाहेर येतं. माझ्या दृष्टीने उघड्या बागेचा निर्णय नव्वद टक्के या एका प्रश्नावर : वाटाड्या आहे का, आणि तो मुलांशी बोलतो का?

प्राण्यांचं काय?

इथे डोमवालं केंद्र सरळ पुढे आहे, निदान ‘दिसण्याच्या’ हिशेबात. तरी अपेक्षा जमिनीवर ठेवा. सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत झोपून काढू शकतो, आणि निशाचर प्राणी तुमच्या सुट्टीसाठी वेळापत्रक बदलत नाहीत. पाणमांजर आणि मीरकॅट (मुंगसाच्या जातीतला छोटा प्राणी) दिवसा बरेच जागे असतात. लहान मुलांसाठी त्यांच्यासमोर घालवलेला अर्धा तास वाघाच्या पाठीकडे बघण्यापेक्षा कितीतरी बरा. खाणं द्यायच्या वेळा प्रवेशद्वारावरच टिपून घ्या आणि बाकी दिवस त्यांच्याभोवती बांधा.

प्राण्यांना हात लावू देणारी केंद्रं मुलांना आवडतात, तिथे दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्राण्याला लपायला जागा आहे का. दिवसभर या गळ्यातून त्या गळ्यात फिरणारा अजगर पाहिला तर मी तिथून निघेन. दुसरी, साबण आणि वाहतं पाणी जवळ आहे का. कासव, सरडे, साप यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो आणि शेळ्या-मेंढ्यांकडून पोटाचे इतर जंतू येऊ शकतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना याचा धोका जास्त. अशा वेळी हाताला चोळायच्या सॅनिटायझर जेलवर भागवू नये. खाण्याआधी साबणानेच हात धुवावेत.

उघड्या बागेत पक्षी, खारी, सरडे, नशीब असेल तर मुंगूस. दुर्बीण असेल तर रंगत, नसेल तर धाकटी मंडळी लवकरच कंटाळतात.

स्पर्श, कपडे, औषधं

फुलपाखराचे पंख खवल्यांनी झाकलेले असतात. बोटाला लागते ती पूड म्हणजे तेच खवले, आणि ते पुन्हा उगवत नाहीत. म्हणून डोममध्ये पकडायला बंदी असते. अंगावर येऊन बसलं तर बसू द्यावं. घामातल्या क्षारांसाठी ते येतं, आणि चव पायांनी घेतं. काही मुलांना याचीच भीती वाटते. आधी कोशांचं कपाट, मग आतलं दालन असा क्रम ठेवला तर भीती बरीच ओसरते. रडू आलं तर बाहेर आणावं, हट्ट करू नये.

डासांच्या औषधाचा पेच दोन्हीकडे वेगळा आहे. हाताला लावलेलं औषध फुलपाखरांना घातक, म्हणून डोममध्ये शिरण्याआधी हात धुवा. बागेत ते लावावंच लागेल, पण पायांना आणि कपड्यांना लावा, हातांच्या तळव्यांना नको.

बाबागाडी आणि चाकाची खुर्ची यांच्या बाबतीत डोम सोयीचा वाटतो, पण दुहेरी दारं आणि अरुंद वाटा यांमुळे काही ठिकाणी बाबागाडी बाहेर ठेवायला लावतात. बागेतल्या वाटा रुंद असतात, सपाट असतीलच असं नाही.

दोन्ही एकाच आवारात असतील तर

मग क्रम महत्त्वाचा. सकाळी आधी कोश, डोम मोकळा असतानाच. मग ऊन चांगलं चढलं की, साधारण दहा-अकराला, उघडी बाग. भर दुपारी जेवण आणि सावलीतली किंवा छताखालची दालनं. उन्हं कलल्यावर मोठे प्राणी, कारण तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागतात. दुपारी झोपणारं मूल असेल तर शेवटचा भाग बिनदिक्कत सोडून द्या.

निघण्याआधी एक फोन करा आणि चार गोष्टी विचारा : सध्या कोश आहेत का, प्राण्यांना खाणं कधी देतात, बागेत वाटाड्या कोणत्या वेळी असतो, आणि डोम किती वाजता बंद होतो. बऱ्याच ठिकाणी तो मुख्य फाटकाच्या आधीच बंद होतो.