रोबोट, दुर्बीण की चिरून? प्रोस्टेट-किडनीच्या ऑपरेशनाचा एका सांगलीकराचा हिशेब

काकांच्या प्रोस्टेटच्या (लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीच्या) बायोप्सीत कॅन्सर निघाला त्या संध्याकाळीच घरात दोन तट पडले. चुलतभाऊ म्हणाला, पुण्याला नेऊन रोबोटनं करू. काकू म्हणाल्या, मिरज हाकेच्या अंतरावर असताना पुणं कशाला? काका गप्प होते. रोबोट म्हणजे डॉक्टर बाहेर चहा पीत बसणार आणि मशीन कापणार, अशी त्यांची समजूत होती.

तसं नसतं. सर्जन सहसा ऑपरेशन थिएटरमध्येच कन्सोलवर, म्हणजे मशीन चालवायच्या टेबलाशी, बसतो आणि त्याच्या बोटांची हालचाल मशीनचे हात आत करतात. पोटावरची चार-सहा भोकं दुर्बिणीच्या ऑपरेशनातही असतात आणि रोबोटमध्येही. फरक अवजारांत आहे. दुर्बिणीची अवजारं काठीसारखी सरळ, रोबोटची मनगटासारखी वळणारी, शिवाय चित्र खोली दाखवणारं आणि दहापट मोठं. म्हणून मी एक कसोटी लावली: आत, अडचणीच्या जागी नाजूक टाके घालायचे असतील तर रोबोटचा विचार करायचा. नसतील तर जादा पैसे कशाचे?

मुतखड्याला म्हणूनच सहसा रोबोट लागत नाही. खडा मूत्रमार्गातून लेसरनं फोडतात किंवा पाठीतून छोटं भोक पाडून काढतात. वयानं वाढलेल्या साध्या प्रोस्टेटचंही तेच. टीयूआरपी (वाढलेला भाग आतून खरवडून काढणं) किंवा लेसर, दोन्ही लघवीच्या मार्गातूनच होतात. प्रोस्टेट फारच मोठं झालं असेल तर गोष्ट वेगळी. कॅन्सर नसताना कुणी ‘रोबोटच करा’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

किडनीत मात्र एकाच अवयवाला दोन उत्तरं मिळतात. अख्खी किडनी काढायची असेल तर दुर्बीण पुरते. अमेरिकेत २००३ ते २०१५ मधल्या सुमारे २४ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या ऑपरेशनात रोबोट आणि दुर्बीण यांच्यात मोठ्या गुंतागुंतीचा फरक दिसला नाही. रोबोटला वेळ जास्त लागला आणि खर्च माणशी सुमारे २,७०० डॉलरनं वाढला. पण फक्त गाठ काढून उरलेली किडनी वाचवायची असेल, तर रक्तवाहिनीला चिमटा लावून मोजक्या मिनिटांत गाठ कापायची आणि किडनी शिवायची असते. जितकी मिनिटं जास्त, तितकं किडनीचं नुकसान. इथे वळणाऱ्या मनगटाचे पैसे वसूल होतात, असं माझं मत.

प्रोस्टेटच्या कॅन्सरला हे उत्तर इतकं सरळ नाही. प्रोस्टेट काढल्यावर लघवीची पिशवी पुन्हा मूत्रमार्गाला जोडायची असते, तीही ओटीपोटाच्या तळाशी, म्हणजे कसोटीप्रमाणे रोबोट जिंकायला हवा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला तीनशेहून अधिक पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून, एका गटाचं चिरून आणि दुसऱ्याचं रोबोटनं करून, हे पाहिलं गेलं. निकाल २०१६ मध्ये आला. सरासरी रक्तस्राव चिरून केलेल्यांत १,३३८ मिली, रोबोटमध्ये ४४३. रुग्णालयात मुक्काम तीन दिवसांवरून दीड दिवसावर आला. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता, म्हणजे माणूस ज्याला खरा घाबरतो ते, बारा आठवड्यांनी दोन्हीकडे सारखंच होतं, आणि दोन वर्षांनीही. यातली गंमत अशी, की चिरून करणाऱ्या सर्जनच्या हाताखालून आधी १,५०० च्या वर ऑपरेशनं गेलेली, रोबोटवाल्याच्या दोनशे. मुरलेल्या हातानं मशीनची बरोबरी केली म्हणा, किंवा मशीननं कमी अनुभव भरून काढला म्हणा. दोन्ही अर्थ निघतात.

आता पैसे. मशीन कोट्यवधींचं, अवजारं ठरावीक वेळा वापरून टाकून द्यायची, त्यामुळे बिलातला फरक लाखांत जातो. मेडिक्लेमवाल्यांना रोबोटिक सर्जरी सरसकट नाकारता येत नाही, पण मर्यादा घालता येते. काकांची पॉलिसी पाच लाखांची, रोबोटला त्यातले निम्मेच. हे आम्हाला रुग्णालयात टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या) खिडकीवर कळलं. तुम्ही पॉलिसी आधीच वाचा. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून जाणार असाल (२०२३ च्या निर्णयानं कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत), तर पॅकेजमध्ये नेमकं काय बसतं ते रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्या. आणि पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या वर: दोन माणसांचा मुक्काम, जेवण, गाडी, शिवाय तपासणीच्या फेऱ्या. हा खर्च कुणी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

प्रोस्टेटच्या रोबोट ऑपरेशनात डोकं खाली करून बराच वेळ झोपवतात. काचबिंदू, हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच भेटा.

काकांनी दोन डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलंत, आणि वर्षानंतर लघवी गळते म्हणून किती जणांना पॅड लागतो? एकानं रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. दुसऱ्यानं आकडे सांगितले, त्यात पॅड लागणारेही होते. हा दुसरा पुण्यात रोबोटवर करणारा निघाला, म्हणून आम्ही रोबोट केला. तो मिरजेत दुर्बिणीनं करणारा असता तर काकू जिंकल्या असत्या. विम्याच्या मर्यादेवरची रक्कम उसाच्या बिलातून गेली. तिसऱ्या दिवशी काका कॅथेटर (लघवीची नळी) लावून घरी आले. तो काढायला पुन्हा पुण्याला जावं लागलं नाही, कारण निघायच्या आधीच आम्ही सर्जनची चिठ्ठी घेऊन सांगलीतल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं.