उवांसाठी स्टीलची फणी: वसतिगृहात वापरून सांगते

मी मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे. जूनमध्ये पोरी सुट्टीवरून परतल्या की वह्या-पुस्तकांच्या आधी डोकी बघावी लागतात. मेडिकलमधून आणलेली ही लांब दातांची स्टीलची फणी आल्यापासून प्लास्टिकच्या सगळ्या फण्या मी काढून टाकल्या. प्लास्टिकचे दात दाट केसांत फाकतात आणि लिखा मधूनच निसटतात. हिचे दात ताठ, अगदी जवळजवळ आणि प्रत्येकावर स्क्रूसारखे बारीक आटे. मादी लीख टाळूलगत केसाला घट्ट चिकटवते, ती धुऊन निघत नाही. या आट्यांत मात्र खरवडून येते.

कोरड्या केसांत फिरवू नका, ओढ बसते आणि पोरी दुसऱ्यांदा डोकं पुढे करत नाहीत. गुंता साध्या कंगव्याने काढा, भरपूर खोबरेल किंवा कंडिशनर लावा, मग एकेक बट घेऊन फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत न्या. दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. तिळाएवढी करडी ऊ पाय हलवताना स्पष्ट दिसते. कानांमागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, ठाणं तिथेच असतं. टाळूपासून बोटभर लांब दिसणारी पांढरी टरफलं बहुतेक रिकामी असतात, त्यांना घाबरू नका.

लीख साधारण 7 ते 10 दिवसांत फुटते. औषधी शाम्पूने सगळ्या लिखा मरतातच असं नाही, म्हणून आम्ही दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे विंचरतोच.

मूठ प्लास्टिकची घेऊ नका. फणी गरम पाण्यात टाकावी लागते, त्यात आमची एक मूठ सैल झाली. अखंड स्टीलची थोडी महाग पडते, पण तीच घ्या. खूप कुरळ्या केसांत हिलाही वेळ लागतो.

आणि पालकांनो, ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, रोज न्हाणाऱ्या मुलीच्या केसांतसुद्धा. त्यासाठी पोरीला चारचौघांत बोलू नका, तिचे केस भादरू नका. रॉकेल तर मुळीच लावू नका, कातडी भाजते आणि पेट घेण्याची भीती असते. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, आईचंसुद्धा.