शाळेसाठी घेतलेला मायक्रोस्कोप: वर्षभर वापरून

आमची शाळा आर्वी तालुक्यातली, मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. मागल्या जूनमध्ये नागपूरला सीताबर्डीवर जाऊन हा मायक्रोस्कोप आणला. साडेसहा हजार पडले, त्यातले निम्मे गावच्या वर्गणीचे. दहाचा आयपीस, चार, दहा आणि चाळीसच्या लेन्सा, खाली चार्जिंगचा एलईडी. आरशाचा याहून स्वस्त होता. तो घेतला नाही हे बरंच झालं, कारण पावसाळ्यात आमच्या वर्गात भर दुपारी अंधार असतो आणि लाइनचा भरवसा नाही.

तक्रार आधी सांगते. पहिला पीस खराब निघाला. फोकसचा मोठा स्क्रू आपोआप खाली सरकायचा, चाळीसची लेन्स स्लाइडवर टेकून दोन कव्हरस्लिपा (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचा) फुटल्या. दुकानदाराने बदलून दिला, पण माझी एक खेप आणि एक रजा गेली. दुकानातच लेन्स वर नेऊन पाच मिनिटं तशीच ठेवून पाहा.

आता ज्यासाठी घेतला ते, म्हणजे पेशी विभागताना पोरांना दाखवणं. कांदा पाण्याच्या ग्लासावर ठेवला, तिसऱ्या दिवशी पांढऱ्या मुळ्या सुटल्या. सकाळी आठला टोकं कापली, स्लाइडवर सौम्य ॲसिडचा थेंब टाकून जरा कोमट केली, मग ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं लाल रंगवणारा रंग), वर कव्हरस्लिप, आणि टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाब. अंगठा जरा सरकला की सगळं वाया. चौथ्या स्लाइडला जमलं. बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या दिसल्या. मग एकीत लालसर काड्या, म्हणजे गुणसूत्रं, मधोमध रांगेत: विभाजनातली मध्यावस्था. तिच्या बाजूलाच पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे निघालेली. नववीतली एक पोट्टी ओरडलीच, "मॅडम, दोन्हीकडून कोनी ओढून राह्यलं न हे!" मी दहा वर्षं फळ्यावर खडूने काढत आले, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. खरंच पेशीतले तंतू गुणसूत्रांना ओढत असतात. कांद्याची 16 गुणसूत्रं दुप्पट होतात आणि दोन्हीकडे 16-16 जातात.

लगेच प्रश्न आला, "पराटीत (कापसात) किती?" गावरान कापसात 26, अमेरिकन कापसात 52. फार पूर्वी दोन वेगळ्या जातींचा संकर झाला, संच दुप्पट झाला, त्यातून हा 52 वाला आला. आज आमच्या वावरात जवळपास तोच उभा आहे. म्हणजे गुणसूत्रांचा हिशेब बदलला की दर वेळी वाईटच होतं असं नाही, हे पोरांना घरच्या पिकावरून कळलं.

वाईट कसं होतं तेही दाखवायचं होतं. गालाच्या आतून हलकेच खरवडून, मेथिलीन ब्लू हा निळा रंग टाकून पेशी दाखवल्या. त्या विभागताना दिसत नाहीत, कारण हा वरचा थर झडणारा असतो आणि नव्या पेशी खालच्या थरात तयार होतात. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) रोज त्याच गालात धरला की जखम होते, ती भरायला खालच्या पेशींना सारखं विभागावं लागतं, आणि तंबाखू-सुपारीतली रसायनं त्याच वेळी डीएनए बिघडवतात. बिघडलेली पेशी एरवी थांबवली जाते किंवा मरते. थांबवणारी जनुकंच बिघडली की ती वाढत सुटते आणि कॅन्सरची गाठ होते. दहावीतल्या एका मुलाच्या काकांचा अर्धा जबडा काढलाय. तो बराच वेळ आयपीसवरून उठला नाही. मग हळूच म्हणाला, "मॅडम, माह्या गालातलं पाहू का?" पाहिलं. चांगल्या चपट्या पेशी होत्या. पण एवढ्यावरून गाल ठीक आहे असं सांगता येत नाही, हेही त्याला सांगितलं, आणि आरोग्य केंद्रात तोंड दाखवायला मी सोबत गेले.

शाळेसाठी घेणार असाल तर शंभरच्या ऑइल लेन्सवर पैसे घालू नका. कांद्याची गुणसूत्रं चाळीसवर दिसतात. त्या पैशात ॲसिटोकार्मिनची बाटली आणि कव्हरस्लिपांचे दोन डबे घ्या, पोरांच्या हातून फुटतातच.