फॉस्फो-एकेटीचं एलायझा किट घ्यावं का? उन्हाळ्यात वापरून झाल्यावरचं मत

धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या लॅबवाल्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण या किटबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं बाहेरच्यांनी लिहिलेलं, आणि त्यांच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जात नाही. आधीच सांगतो, किट चांगलं आहे, पाचपैकी चार देईन, एक मार्क कशाचा कापला ते खाली येईलच. कंपनी आणि डीलर दोघांची नावं घेत नाही.

काम काय करतं ते थोडक्यात. एकेटी हे पेशीत वाढीचा सिग्नल पुढे नेणारं प्रोटीन, त्यावर फॉस्फेट लागलं की ते चालू होतं, तेच फॉस्फो-एकेटी. एलायझा म्हणजे अँटीबॉडीने पकडून रंगावरून मोजायची पद्धत. ९६ खड्ड्यांची प्लेट, तळाला एकेटी पकडणारी अँटीबॉडी चिकटवलेली, त्यावर आपला सेल लायसेट (पेशी फोडून काढलेला द्राव) टाकायचा, मग दुसरी अँटीबॉडी जी फक्त एकेटीतल्या ४७३ नंबरच्या सेरीनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट लागलेलं असेल तरच बसते, मग एचआरपी हे एन्झाइम, मग त्याने रंग धरणारा टीएमबी. निळा रंग येतो, स्टॉप सोल्यूशन टाकलं की पिवळा होतो, ४५० नॅनोमीटरला रीडिंग. एलायझाचं तत्त्व १९७१ पासूनचं, त्यात नवीन काही नाही, नवीन आहे ती ही फॉस्फेट ओळखणारी अँटीबॉडी, सगळे पैसे तिचेच. आणि ती खरंच चोख आहे. इन्सुलिन देऊन एकेटी चालू केलेल्या एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या) पेशी आणि आधी वॉर्टमॅनिन हे सिग्नल अडवणारं रसायन देऊन मग इन्सुलिन दिलेल्या पेशी शेजारी शेजारी लावल्या तर रीडर लागतच नाही, रंगातला फरक डोळ्यांनी दिसतो. वेस्टर्न ब्लॉट या नेहमीच्या पद्धतीला जेल, ट्रान्सफर, रात्रभर अँटीबॉडी यात दोन दिवस जातात, हे एका दुपारी उरकतं आणि डुप्लिकेट (प्रत्येक सॅम्पल दोनदा) धरून स्टँडर्ड (तुलनेसाठीचे ठरलेल्या प्रमाणाचे नमुने) सोडता ४० सॅम्पल एका प्लेटवर बसतात. शिवाय पट्ट्या सुट्या निघतात, म्हणजे आठ-आठ खड्डे वापरून बाकी पाकिटात सिलिका पुडीसोबत बंद करून ठेवता येतं, लहान कॉलेजच्या बजेटला हे फार सोयीचं.

आता उन्हाळा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय रूम टेम्परेचरला इन्क्युबेट करा, त्यांचं रूम टेम्परेचर म्हणजे २० ते २५ डिग्री. आपल्याकडे दुपारी लाइट गेली, एसी बंद पडला की बघता बघता खोली ३५ च्या वर, मग टीएमबी सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधीच गडद होतो, वरच्या स्टँडर्डचं रीडिंग रीडरच्या मर्यादेबाहेर जातं आणि कडेचे खड्डे आधी तापतात, सुकतात, म्हणून मधल्या खड्ड्यांपेक्षा त्यांचं रीडिंग वेगळं येतं. त्यामुळे प्लेट सकाळी लवकर लावा, सीलर नीट दाबून लावा, टीएमबी टाकल्यावर घड्याळावर विसंबू नका, सगळ्यात वरच्या स्टँडर्डचा रंग बघत बसा आणि सगळ्या खड्ड्यांत स्टॉप टीएमबी टाकला त्याच क्रमाने, त्याच वेगाने टाका.

एक मार्क कापला तो स्टँडर्डसाठी. जाहिरातीत मोठ्या अक्षरात क्वांटिटेटिव्ह लिहितात, पण या किटमध्ये स्टँडर्ड म्हणून येतो तो उत्तेजित केलेल्या पेशींचा सुकवलेला लायसेट, त्याला युनिट प्रति मिली असा नंबर दिलेला. म्हणजे नॅनोग्रॅममध्ये उत्तर मिळत नाही, तुलनाच मिळते. तुलना पुरते, पण ते डब्यावर स्पष्ट लिहायला काय जातं?

दुसरं म्हणजे नुसतं फॉस्फोचं किट घेऊ नका. तुम्ही तपासताय त्या वनस्पतीच्या अर्काने पेशी मेल्या, प्रोटीनच कमी झालं तरी फॉस्फोचं रीडिंग पडणारच, आणि आपण लिहून मोकळे होतो की सिग्नलिंग थांबलं. सातपुड्यातल्या वनस्पतींवर आपल्याकडे एवढं काम चालतं, त्यात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. टोटल एकेटीचं (फॉस्फेट असो-नसो, सगळं मोजणारं) जोडीचं किट घ्या, बीसीए चाचणीने प्रोटीन मोजून सारखं टाका आणि फॉस्फो-टोटलचं गुणोत्तर काढा. उलट बाजूही लक्षात ठेवा, कॅपिव्हासर्टिब, ज्याला अमेरिकेत २०२३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली, ते औषध एकेटीचं काम बंद पाडतं पण ४७३ वरचं फॉस्फेट मात्र वाढवतं, कारण ते एकेटीवर एटीपीच्या (पेशीच्या इंधनाच्या) जागी बसतं. म्हणून एकेटी ज्यावर फॉस्फेट लावतं तो पुढचा प्रास४० बघितल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

लायसेट बनवताना खरी परीक्षा असते भो. फॉस्फेट काही मिनिटांत उडतं. ट्रिप्सिन देऊन पेशी सोडवू नका, त्या ताणानेच सिग्नल बदलतो, डिश थेट बर्फावर ठेवा, गार पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवा, पेशी फोडणारा बफर टाका आणि स्क्रेपरने खरवडा. बफरमध्ये फॉस्फेट उडू न देणारे सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट दोन्ही हवेत. ऑर्थोव्हॅनाडेट पीएच १० ला आणून उकळायचं, पिवळेपणा जाऊन पाण्यासारखं नितळ होईपर्यंत, पुन्हा पीएच बघायचा, पुन्हा उकळायचं. तो पिवळेपणा राहिला तर त्याचा काही उपयोग नाही.

गावाकडून फोन येतात, कॅन्सर आहे का ते तुमच्या मशीनवर बघून देता का म्हणून. दादा, ताई, नाही. हे किट फक्त संशोधनासाठी, तसं डब्यावरच छापलेलं असतं. गाठ लागली तर डॉक्टरांकडे जा, बायोप्सी करा, वेळ घालवू नका.

आणि मागवताना डीलरला बजावून सांगा, माल सोमवारी निघू दे, शनिवार-रविवार कुरिअरच्या गोडाऊनमध्ये थर्माकोलचा डबा पडून राहिला तर बर्फाच्या पिशव्या कोमट होऊनच हातात येतात. काम वर्षभर चालणार असेल तर एकाच लॉटचे (बॅचचे) डबे राखून ठेवायला लावा, आणि लॉट बदललाच तर उणे ८० डिग्रीच्या फ्रीजरमधल्या जुन्या लायसेटचा एक अलिकॉट (छोटा वाटा) नव्या प्लेटवर चालवून मगच दोन्हीचे आकडे एका ग्राफमध्ये घ्या.