रशियन शिकायला सुरुवात: स्वयंअध्ययन, वर्ग, खासगी शिक्षक की तिथे गेल्यावर?

नोकरी, उच्च शिक्षण किंवा जोडीदाराची बदली यांमुळे रशियात, बेलारूसमध्ये, कझाकस्तानात किंवा किर्गिझस्तानात राहायला जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीपुढे भाषेचा प्रश्न बहुधा व्हिसाच्या कागदपत्रांनंतर येतो, आणि तेव्हा हातात थोडेच महिने उरलेले असतात. मोबाइलवरील अ‍ॅप आणि पुस्तक घेऊन स्वतः शिकावे, गटवर्गात नाव घालावे, खासगी शिक्षक धरावा, की सगळे तिथे पोहोचल्यावरच सुरू करावे, हे ठरवताना आधी कामाचा आवाका माहीत असलेला बरा. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांसाठी रशियनला सुमारे 44 आठवडे, म्हणजे 1100 तासांचे अध्यापन लागेल असे धरते. आठवड्याला दहा तास देणाऱ्याला त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यामुळे निघण्यापूर्वी भाषा ‘पूर्ण’ होणार नाही हे गृहीत धरून, उपलब्ध महिन्यांत नेमके काय पदरात पाडून घ्यायचे, या कसोटीवर हे पर्याय तोलायला हवेत. रशियाच्या अधिकृत भाषापरीक्षेत ‘ए1’ पातळीसाठी 780, ‘ए2’साठी 1300 आणि ‘बी1’साठी 2300 शब्दांचा किमान संग्रह अपेक्षित असतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने निघण्यापूर्वी पहिली पातळी पक्की करणे आणि दुसरीच्या वाटेला लागणे हे प्रामाणिक उद्दिष्ट आहे.

लिपीसाठी मात्र कोणालाही पैसे देऊ नयेत. 33 अक्षरे आहेत, आणि रोज थोडा वेळ दिल्यास ती दोन-तीन आठवड्यांत घरच्या घरी येतात. अडचण नव्या आकारांची कमी आणि ओळखीच्या वाटणाऱ्या आकारांची जास्त असते. ‘रेस्तरान’ ही पाटी मोठ्या अक्षरांत असेल, तर इंग्रजीला सरावलेला डोळा ती ‘पेक्टोपाह’ अशी वाचतो, कारण इंग्रजी ‘पी’सारखे अक्षर तिथे ‘र’ असते, ‘सी’सारखे ‘स’ आणि ‘एच’सारखे ‘न’. हस्ताक्षराची लिपी पुन्हा वेगळी असते, म्हणून तीही याच टप्प्यावर गिरवावी. शिक्षकाकडे जाण्याआधी वाचता येत असेल, तर पहिल्या तासापासून बोलण्याला वेळ मिळतो.

त्यापुढे अ‍ॅपची मर्यादा लवकर उघडी पडते. शब्दसंग्रह वाढवणे आणि रोजची सवय टिकवणे यांसाठी ते उत्तम आहे, परंतु दिलेल्या पर्यायांतून अचूक रूप ओळखणे आणि ते रूप स्वतःच्या तोंडून वेळेवर येणे यांत मोठे अंतर असते. साध्या किमतीचे उदाहरण घ्या. एक असेल तर ‘रूब्ल्य’, दोन, तीन, चार असतील तर ‘रूब्ल्या’, पाचपासून वीसपर्यंत ‘रूब्ल्येय’, आणि एकवीसला पुन्हा ‘रूब्ल्य’. पडद्यावर हे चटकन जमते. समोर विक्रेता उभा असताना ते जमायचे, तर कोणीतरी आपल्याला आकडे विचारून बोलायला लावलेले असावे लागते. शिवाय आघाताची, म्हणजे शब्दातील कोणत्या स्वरावर जोर द्यायचा याची, खूण छापील मजकुरात एरवी नसते, आणि आघातावर स्वर बदलतो. दुधासाठीच्या ‘मोलोको’ या शब्दात तीन ‘ओ’ लिहिले जातात, पण शेवटचाच स्पष्ट ‘ओ’ म्हणून ऐकू येतो आणि आधीचे दोन ‘अ’कडे झुकतात. चुकीचा उच्चार एकदा रुळला, की तो काढायला दुप्पट वेळ जातो, म्हणून पूर्णपणे एकट्याने शिकण्याचा सल्ला मी देणार नाही.

बहुतेक अ‍ॅप आणि पुस्तके रशियन शिकवतात ती इंग्रजीच्या आधाराने, आणि यात मराठी माणसाचे नुकसान होते. ‘म्न्ये खोलदना’ हे वाक्य इंग्रजीतून विचित्र वाटते, पण ‘मला थंडी वाजते’ म्हणणाऱ्याला त्यात शिकण्यासारखे फारसे काही नाही. ‘माझ्याकडे आहे’ ही रचनाही तिथे जवळपास तशीच आहे. तीन लिंगे आपल्याकडे आहेतच. ‘तो आला, ती आली’ याप्रमाणे रशियन भूतकाळाचे क्रियापदही कर्त्याच्या लिंगानुसार बदलते. शहराचे मूळ नाव ‘मस्क्वा’, तिथे असणे ‘व मस्क्व्ये’, तिकडे जाणे ‘व मस्क्वू’, तिथून येणे ‘इज मस्क्वी’. मॉस्कोत, मॉस्कोला, मॉस्कोहून असे रोज बोलणाऱ्याला सहा विभक्तींचे भय बाळगण्याचे कारण नाही. प्रत्यय पाठ करावे लागतात हे खरे, पण त्यामागची कल्पना आधीच आपली असते. म्हणून आरंभीचे व्याकरण मराठी किंवा हिंदी जाणणाऱ्या शिक्षकाकडून समजून घेणे माझ्या मते सर्वांत फायद्याचे आहे.

गटवर्ग आणि खासगी शिक्षक यांतील निवड वेळेवर अवलंबून आहे. वर्गात अभ्यासक्रमाचा क्रम, परीक्षेचे बंधन आणि सहाध्यायी मिळतात, शुल्कही तुलनेने कमी असते. मात्र मोठ्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची काही मिनिटेच येतात, आणि तासाचा वेग वर्गाचा असतो. खासगी शिक्षक महाग पडतो, पण कान घडवतो. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ आणि शेवटचे व्यंजन मृदू केल्यावर होणारे ‘ब्रात्य’ म्हणजे घेणे, हा भेद आपल्या कानाला आरंभी जाणवतच नाही, आणि तो कोणी समोर बसून दहा वेळा दुरुस्त केल्याशिवाय जिभेवर येत नाही. निघायला आठ-दहा महिने असतील, तर आधी वर्ग आणि शेवटच्या काळात रशियन मातृभाषा असलेल्या शिक्षकाबरोबर केवळ संभाषण, अशी जोड मी सुचवेन. दोन-तीनच महिने असतील, तर वर्ग सोडून द्यावा, आठवड्यातून तीन खासगी तास घ्यावेत आणि त्यांत पत्ता, आकडे, तारीख, औषधाचे दुकान, घरमालक एवढेच प्रसंग घोटावेत.

पोहोचल्यावरच शिकण्याचा पर्याय एकाच गटाला शोभतो: रशियन विद्यापीठांच्या पूर्वतयारी विभागात प्रवेश मिळालेले विद्यार्थी. तिथे साधारण एक शैक्षणिक वर्ष भाषेचेच शिक्षण असते. त्यांनी लिपी, उच्चार आणि पहिले काहीशे शब्द घेऊन जावे, एवढे पुरे. इंग्रजी माध्यमातून वैद्यक शिकणाऱ्यांनी मात्र गाफील राहू नये, कारण रुग्णालयातील रुग्ण इंग्रजीत बोलत नाहीत. नोकरीसाठी जाणाऱ्याची स्थिती सर्वांत कठीण असते. दिवसभराच्या कामानंतर वर्गाला जाण्याचे त्राण उरत नाही, कार्यालयात इंग्रजीवर भागते, आणि राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, भाडेकरार, बँक ही सगळी रशियन कामे पहिल्याच दिवसांत पुढ्यात येतात. जोडीदार म्हणून जाणाऱ्यांना तर कार्यालयाचाही आधार नसतो, म्हणून घरातील खर्चाची मर्यादा असेल, तर खासगी तास आधी त्यांना मिळावेत.

शिक्षक ठरवण्यापूर्वी एक चाचणी तास अवश्य घ्यावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात: नवा शब्द लिहून देताना तो आघाताची खूण करतो का, क्रियापदाची पूर्ण (क्रिया संपल्याचे दाखवणारे) आणि अपूर्ण (क्रिया चालू किंवा वारंवार होत असल्याचे दाखवणारे) अशी दोन्ही रूपे जोडीने देतो का, आणि तासातला निम्मा वेळ तरी शिकणाऱ्याला बोलू देतो का.