एका जेटचा टॉर्च लायटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

सिगारसाठी टॉर्च लायटर (जोरदार निळ्या ज्योतीचा लायटर) घेताना लोक जेट, म्हणजे ज्योत सोडणारी तोंडं, मोजतात. काही महिने वापरून झालेलं मत असं की आधी बघावी ती टाकी. तीन जेट म्हणजे गॅसचा खप जवळपास तिप्पट, चोंदायला तीन नोझल, वर सिगारचं पान करपण्याची भीती. ५० रिंग गेजच्या, म्हणजे साधारण २० मिमी जाडीच्या सिगारला एक जेट पुरतो. टोक ज्योतीच्या वर थोडं अंतर ठेवून फिरवत राहायचं, ज्योत टेकवायची नाही. त्याहून जाड असेल तर दोन जेट घ्या.

बाकी दोनच गोष्टी बघितल्या : गॅस किती उरला ते दिसणारी खिडकी, आणि हाताने फिरणारा ज्योतीचा स्क्रू.

लायटर 'बिघडला' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा टाकीत हवा अडकलेली असते. प्रत्येक रिफिलला थोडी हवा आत राहते; ती जागा खाते आणि ज्योत फडफडते. म्हणून भरण्याआधी टाकी रिकामी करायचीच. आसपास आग नको, खोली हवेशीर हवी. लायटर उलटा धरून तळाचा गॅस भरायचा व्हॉल्व्ह वर आणा, बारीक स्क्रूड्रायव्हरने मधली पिन दाबा आणि फुस्स पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवा. मग स्क्रू सगळ्यात कमीवर आणा. गॅसचा कॅन उलटा, त्याचं नोझल सरळ खाली, चार-पाच सेकंद घट्ट दाबा. कॅन तिरका धरला की गॅस बाहेरच उडतो. भरताना लायटर गार पडतो. पाच मिनिटं तसाच राहू द्या, मगच पेटवा. गॅस शुद्ध केलेलाच घ्या. स्वस्त गॅसमधला तेलकट अंश जेटच्या सुईएवढ्या भोकात बसतो.

ठिणगी आहे, गॅसचा आवाजही आहे, तरी पेटत नाही? आपला हात स्क्रू वाढवायला जातो. उलट करा, कमी करा. गॅस जोरात सुटला की ज्योत धरतच नाही. आवाज आहे पण ठिणगी नाही, तर बर्नरशेजारची बारीक तार बघा. तिच्या टोकावर काळी पुटं चढली असतील तर कोरड्या कानकाडीने पुसा. तार वाकून बर्नरला टेकली असेल तर हलकेच मागे घ्या. जेटमध्ये खिशातला कचरा गेला असेल तर दाबलेल्या हवेचा एक झोत पुरे. सुई घालू नका, भोक मोठं झालं की संपलं.

थंडीत ब्युटेनचा, म्हणजे लायटरमधल्या गॅसचा, दाब पडतो (उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस), तेव्हा लायटर मुठीत थोडा गरम करा. उंच डोंगरावर टॉर्च लायटर दगा देतो. तिथे साधी पिवळी ज्योत बरी. उन्हात उभ्या गाडीत मात्र ठेवू नका. न वापरताही टाकी उतरत असेल तर व्हॉल्व्हची रबरी रिंग गेलेली असते. ती मिळाली तर बदला, नाही तर लायटर.