मालकी हक्क आणि करारातला हक्क
मैत्रिणीला सायकल वापरायला दिली, तर ती माझीच राहते. पैसे उसने दिले, तर त्या नोटा तिच्या होतात. माझ्याकडे उरतं ते फक्त येणं, म्हणजे तेवढे पैसे परत मागायचा करारातला हक्क. मालकी हक्क साऱ्या जगाविरुद्ध, करारातला हक्क त्या एकाच माणसाविरुद्ध. फरक खरा जाणवतो तो समोरचा दिवाळखोर झाल्यावर: सायकल मी परत मागू शकते, पैशांसाठी मात्र इतर धनकोंबरोबर रांगेत उभं राहायचं, आणि हाती बहुधा थोडाच वाटा येतो.

पण खरेदीत मालकी मिळते कधी? फ्रान्सच्या १८०४च्या नागरी कायद्याच्या संहितेत, ठरावीक वस्तूचा सौदा पक्का होताच; जर्मनीच्या १९००पासूनच्या संहितेत साधारणपणे वस्तू ताब्यात दिल्यावर. मला दुसरी पद्धत पटते. मालक कोण, याची तिऱ्हाइताला निदान काही खूण तरी दिसते.